थाकुंगचे पिवळे दिवे आणि मामाचा लिंब

दुर्बीणवाला | ५ ऑगस्ट २०२४

गेल्या महिन्याच्या अखेरीस पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी मामाचा फोन आला. अशा वेळी मामाचा फोन म्हणजे पोटात गोळाच. उचलला तर पलीकडून दबक्या आवाजात, "आरं, आलंय बघ ते. लिंबाच्या वर थांबलंय. हलंना झालंय."

मामा गेवराई तालुक्यात. जुलैमध्ये बीड, जालना, संभाजीनगरकडच्या गावांत ड्रोनची काय दहशत होती ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. ड्रोन येऊन घरं हेरतं, मागाहून चोर येतात, अशी बोलवा. पोरं काठ्या घेऊन रात्र रात्र जागत होती. त्यातले काही दिवे खरोखरचे ड्रोन असतीलही, मी तिथं नव्हतो. पण मामाचं 'ते' मी पुण्यात गच्चीवर जाऊन दोन मिनिटांत पाहिलं. पावसाची उघडीप होती. पूर्वेला, रोहिणीच्या अंगाला, ठळक गुरू.

"मामा, त्याच्या वरच्या बाजूला दोन तांबूस तारे दिसतात का?"

"दिसतात की."

"मग तो गुरू आहे. वरचे दोन म्हणजे रोहिणी आणि मंगळ."

"म्हंजी तीन ड्रोन हायेत!" आणि फोन कट.

हसून झाल्यावर आठवलं, की बरोबर बारा वर्षांपूर्वी याच गुरूने, याच रोहिणीजवळ बसून, आपल्या फौजेला सहा महिने जागवलं होतं. लडाखचं ते प्रकरण तेव्हा 'एलियन आले' म्हणून गाजलं आणि नंतर 'लष्कराने शुक्राला ड्रोन समजलं' म्हणून हसण्यावारी गेलं. मला दोन्ही पटत नाही. म्हणून हा धागा.

तर, २०१२ चा ऑगस्ट. पँगाँग सरोवराच्या दक्षिण काठावर थाकुंग इथं आयटीबीपीची (भारत-तिबेट सीमा पोलीस दल) तुकडी. सव्वाचार हजार मीटरवर. समोर पाणी, पलीकडे डोंगर, आणि त्या डोंगरांत कुठंतरी प्रत्यक्ष नियंत्रण रेषा. जवानांना रात्री पिवळसर गोळे दिसू लागले. चीनच्या बाजूच्या क्षितिजावरून वर उचलले जायचे, तीन ते पाच तास आभाळात संथ सरकत राहायचे आणि दिसेनासे व्हायचे. १ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर एवढ्या काळात शंभराहून जास्त वेळा. सप्टेंबरात लेहच्या १४ कोअरने (लडाख सांभाळणारा लष्कराचा विभाग) दिल्लीला मुख्यालयाकडे अहवाल धाडला.

आता पुढचं नीट वाचा, कारण सगळी मजा इथं आहे. लष्कराने एका डोंगरमाथ्यावर फिरतं रडार आणि स्पेक्ट्रम अॅनलायझर (रेडिओ लहरी टिपणारं यंत्र) चढवला. डोळ्यांना वस्तू लख्ख दिसतेय, रडारवर काहीच नाही. म्हणजे वस्तू धातूची नसावी, असा अंदाज निघाला. स्पेक्ट्रम अॅनलायझरवरही काही नाही. म्हणजे ती कुठलेच संदेश पाठवत नाही. मग आपलं टेहळणीचं ड्रोन त्या दिव्याच्या दिशेने सोडलं. ते जास्तीत जास्त जेवढं चढू शकतं तेवढं चढलं आणि वस्तू हरवून बसलं.

रडारला न दिसणारी, गप्प बसणारी आणि कितीही पाठलाग केला तरी जवळ न येणारी वस्तू. वर्तमानपत्रांत हे छापून आलं तेव्हा वाचणाऱ्याच्या अंगावर काटाच यायचा. पण याच तीन ओळी खगोलशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पोराला दाखवा. डिसेंबर २०१२ मध्ये गुरू आपल्यापासून साधारण ६१ कोटी किलोमीटरवर होता. लष्कराच्या रडारला तो काय दिसणार? प्रत्येक उपकरण 'माहीत नाही' म्हणतंय असं सगळ्यांना वाटलं. खरं तर तिन्ही उपकरणं एकच उत्तर देत होती, की वस्तू फार म्हणजे फारच लांब आहे.

सप्टेंबरअखेर लडाखमधल्याच हानलेच्या वेधशाळेतले खगोलशास्त्रज्ञ तीन दिवस पाहून गेले. डीआरडीओ (संरक्षण संशोधन संस्था) आणि एनटीआरओ (तांत्रिक गुप्तवार्ता संस्था) यांच्याकडूनही उलगडा झाला नव्हता. नोंदी चालूच राहिल्या. फेब्रुवारी २०१३ पर्यंत आकडा ३२९ वर गेला. त्यातल्या १५५ वेळा ती वस्तू प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडून आपल्या हद्दीत आल्याची नोंद आहे.

शेवटी प्रकरण बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे गेलं. तुषार प्रभू आणि त्यांचे सहकारी. त्यांच्यासमोर प्रश्न एवढाच, की वस्तू आभाळातली की जमिनीवरून सोडलेली? त्यासाठी त्यांना 'मोठा पिवळा दिवा दिसला' ही माहिती नको होती. दिगंश (आडव्या दिशेचा कोन) किती, उन्नतांश (क्षितिजापासून वरचा कोन) किती, वाजले किती आणि आजूबाजूच्या ताऱ्यांच्या तुलनेत जागा कुठली, हे हवं होतं. ते आकडे मिळाल्यावर थाकुंगवरून त्या रात्रींचं आभाळ कसं दिसलं असेल ते गणिताने मांडलं. दोन आरोपी निघाले. एक संध्याकाळी सहाच्या सुमाराला दिसून पहाटे पाचपर्यंत टिकणारा, तो गुरू. दुसरा पहाटे चारला उगवून चक्क सकाळी अकरापर्यंत दिसणारा, तो शुक्र. जुलै २०१३ मध्ये हे बाहेर आलं.

१५५ या आकड्याबद्दल माझा तर्क सांगतो. थाकुंगहून पूर्वेला चीनची बाजू. आभाळातलं सगळं पूर्वेला उगवतं आणि पश्चिमेला जातं. म्हणजे कुठलाही ग्रह बघितलात तरी तो तिकडून निघून इकडेच येणार. एकही 'ड्रोन' इकडून तिकडे गेलं नाही, हीच खरं तर सगळ्यात मोठी शंका यायला हवी होती.

---

खवचट काका | ५ ऑगस्ट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. म्हणजे सहा महिने, रडार, ड्रोन, एवढा फौजफाटा, आणि निघाला शुक्र! आमची आजी अंगणात उभी राहून सांगायची, 'शुक्राची चांदणी उगवली, उठा, पाणी तापवा.' तिला भरती करून घ्यायला हवं होतं.

(लडाखच्या धाग्याचं काश्मीर होणार हे आत्ताच लिहून ठेवतो.)

---

जोशीकाकू | ५ ऑगस्ट

काका, आजीबद्दल +१. शिवाय सोलापूरच्या दाते पंचांगात त्या वर्षी गुरू वृषभेत असल्याचं छापलेलं होतंच की. दर महिन्याला कोणता ग्रह कुठल्या राशीत ते आधीच कळतं. चौकीवर एक पंचांग टांगलं असतं तर काम झालं असतं.

---

खवचट काका | ५ ऑगस्ट

काकू, पंचांगात 'गुरू चीनमधून उगवेल' असं नव्हतं ना लिहिलेलं. तिथंच घोटाळा झाला.

---

निवृत्त_हवालदार | ६ ऑगस्ट

नमस्कार. या संस्थळावर फारसं लिहीत नाही, पण वरचे एक-दोन प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

मी २०१२ ला तिथं नव्हतो. त्याच्या बऱ्याच आधी पूर्व लडाखमध्ये दोन हिवाळे काढलेत. संत्रीची ड्युटी म्हणजे काय ते सांगतो. रात्री दोन-दोन तासांची पाळी. उणे पंचवीस. अंगावर इतके कपडे की मान वळवायची तर अख्खं अंग वळवावं लागतं. आत बंकरमध्ये रॉकेलची बुखारी (ऊब देणारी शेगडी), तिच्या धुराने डोळे आधीच चुरचुरणारे. बाहेर आलात की पहिली पाच मिनिटं काही दिसत नाही, आणि मग एकदम इतके तारे दिसतात की साताऱ्याच्या माणसाला ओळखीचा एकही तारा सापडत नाही. गावाकडं आभाळात पाच-पन्नास दिसतात, त्यात शुक्र लगेच कळतो. तिथं सगळंच चमकतं, आणि गुरू तर असा की अंगावर येतो.

पोस्टवर एक रजिस्टर असतं. त्याला सुतळीने बांधलेली पेन्सिल. बॉलपेन चालत नाही, शाई गोठते. संत्रीने वेळ लिहायची, दिशा लिहायची, काय दिसलं ते लिहायचं. तो ग्रह आहे की ड्रोन, हे ठरवणं संत्रीचं काम नाही. त्याने 'ग्रह असेल' म्हणून सोडून दिलं आणि एके रात्री ते खरंच ड्रोन निघालं, तर? ३२९ नोंदी म्हणजे ३२९ वेळा पोरांनी काम चोख केलं. याच्यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही.

आणि काळ बघा. एप्रिल २०१३ मध्ये चिनी सैनिक दौलत बेग ओल्डीजवळ देपसांगला आत येऊन तंबू ठोकून बसले होते. तीन आठवडे ताणाताणी चालली. अशा हद्दीवर दिवा दिसला की तो आधी शत्रूचाच.

जय हिंद.

---

खवचट काका | ६ ऑगस्ट

हवालदारसाहेब, दंडवत. माझा रोख जवानांवर नव्हता, वरच्या मजल्यावर होता. तरी शब्द मागे घेतो. सुतळीने बांधलेल्या पेन्सिलीने गप्प केलंत.

---

मृग | ६ ऑगस्ट

छान धागा. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून एक भर. पाहणाऱ्याला तो दिवा 'सरकताना', कधी 'थरथरताना' का दिसतो? ग्रह तासाला १५ अंश सरकतो हे खरं, पण ती हालचाल घड्याळाच्या तासकाट्यासारखी, नुसत्या डोळ्याला लगेच जाणवत नाही. लोक मात्र शपथेवर सांगतात की तो डावीकडे गेला, थांबला, परत आला.

दरवर्षी नववीच्या मुलांबरोबर एक प्रयोग करते. प्रयोगशाळेची दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले, मिट्ट काळोख, आणि समोरच्या टेबलावर एकच पेटती उदबत्ती. मुलांनी तिच्या टोकाच्या लाल ठिपक्याकडे दोन मिनिटं टक लावून पाहायचं. मग विचारते, उदबत्ती कुठं गेली? निम्मा वर्ग म्हणतो वर गेली, काही म्हणतात गोल फिरली. एका मुलीने तर 'तुम्ही दोऱ्याने ओढलीत' असा आरोप केला. दिवे लावले की उदबत्ती आपली जागच्या जागी, राख खाली सांडलेली. अंधारात एकटा ठिपका असला, शेजारी भिंत-खांब काही नसलं, की डोळ्यांची बारीक हालचाल त्या ठिपक्याच्या नावावर जमा होते.

म्हणून शास्त्रज्ञांनी 'शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत कुठं' हे विचारलं ते फार महत्त्वाचं. शेजारी काहीतरी धरल्याशिवाय डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

---

परग्रही | ६ ऑगस्ट

सगळे खुशीत दिसताय, पण धागाकर्त्यांनी एक गोष्ट सफाईने गाळलीय. हानलेची मंडळी तीन दिवस बघून गेली तेव्हा त्यांनी काय सांगितलं होतं? लष्करी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने तेव्हा छापून आलं होतं की या वस्तू आभाळातल्या नाहीत, उल्का नाहीत आणि ग्रहही नाहीत. हानलेची वेधशाळाही त्याच बंगळुरूच्या संस्थेची! एका संस्थेची दोन उत्तरं कशी?

आणि सकाळी अकरा वाजता तारा दिसतो म्हणे. कुणाला पटतंय?

---

दुर्बीणवाला | ७ ऑगस्ट

परग्रही, गाळलं हे मान्य. मूळ धागा फार लांबत होता, पण हा मुद्दा घालायला हवा होता.

'ग्रह नाहीत' हे वाक्य आपल्यापर्यंत शास्त्रज्ञांच्या सहीने आलेलं नाही, अधिकाऱ्यांच्या तोंडून बातमीत आलंय. तरी ते जसंच्या तसं खरं धरू. मग एका बाजूला तीन दिवसांची पाहणी, दुसऱ्या बाजूला कित्येक रात्रींचे कोन आणि वेळा. मी दुसऱ्याच्या बाजूने, कारण ते मी स्वतः ताडून बघू शकतो. कुठलंही फुकटचं तारांगण सॉफ्टवेअर उघडा, जागा पँगाँग टाका, तारीख १ डिसेंबर २०१२, वेळ संध्याकाळी सहा. पूर्वेकडे, किंचित ईशान्येला झुकून, गुरू वर आलेला दिसेल. ३ डिसेंबरला तो सूर्याच्या बरोबर समोर होता, म्हणजे सूर्यास्ताला उगवणार आणि रात्रभर दिसणार. त्याच सॉफ्टवेअरमध्ये पहाटे या. शुक्र. ६ जून २०१२ ला सूर्यबिंबावरून गेलेला शुक्र आपण सगळ्यांनी चष्मे लावून पाहिला होता, तोच नंतर पहाटेच्या आभाळात गेला. ऑगस्टच्या मध्याला सूर्यापासून सर्वांत लांब, आणि फेब्रुवारीपर्यंत सूर्याच्या उजेडात बुडाला. आता नोंदींचा काळ बघा. ऑगस्ट ते फेब्रुवारी. इतका नेमका योगायोग साधायचा तर परग्रहवाल्यांनाही पंचांग बघूनच यावं लागलं असतं. (काकू, तुमचा मुद्दा असा परत आला.)

सकाळी अकराबद्दल. शुक्र दिवसा दिसतो, फक्त कुठं बघायचं ते माहीत हवं. मी पुण्यात, धुरकट आभाळातून, सकाळी नऊला पाहिलाय. त्या दिवशी शेजारी चंद्रकोर होती. आधी कोर शोधली, मग तिच्यापासून बोटं मोजत गेलो. एकदा सापडला की 'हा इतका वेळ दिसत कसा नव्हता' असं वाटतं, आणि नजर हलवली की गायब. थाकुंगला हवा आपल्या साठ टक्के, धूळ जवळपास नाही, आभाळ निळं-काळं. पहाटे चारपासून एक माणूस त्याच्यावरून नजर काढत नसेल तर अकरापर्यंत तो सहज टिकवेल.

---

परग्रही | ७ ऑगस्ट

लडाखचं धरू तुमचं खरं. तेहरानचं काय? १९ सप्टेंबर १९७६. इराणच्या हवाई दलाची दोन फँटम विमानं दिव्यामागे गेली, जवळ जाताच यंत्रणा बंद पडल्या. परवीझ जाफरी हे त्यातले वैमानिक, पुढे जनरल झाले, नंतरही आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. तिथं पेन्सिल नव्हती, रडारही होतं.

---

दुर्बीणवाला | ७ ऑगस्ट

तेहरानबद्दल मी हात वर करतो. तिथंही त्या रात्री गुरू आभाळात होता आणि संशयवादी त्याच्याकडेच बोट दाखवतात. विमानातल्या बिघाडाचं खापर ते जुन्या दुखण्यांवर फोडतात. पण वैमानिक काय सांगतो आणि संशयवादी काय सांगतात, यात मला निकाल देता येत नाही, कारण ताडून बघायला कोन नाहीत.

अमेरिकेच्या हवाई दलाने 'ब्लू बुक' नावाने अशा नोंदी वर्षानुवर्षं तपासल्या. १९६९ ला दप्तर बंद केलं तेव्हा एकूण १२,६१८ नोंदी, त्यांतल्या ७०१ उलगडल्या नाहीत. तुम्ही ७०१ बघता, मी त्या फायलींत वेळ आणि दिशा लिहिलीय का ते बघतो.

---

झाडीपट्टी | ८ ऑगस्ट

आमच्या चंद्रपूरकडचा किस्सा कुणीच काढला नाही म्हणून मीच काढतो. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळचे पावणेआठ असतील. अंगणात बसलो होतो. उत्तर आभाळातून आगीची एक लांब ओळ आली, म्हणजे एकामागे एक पाच-सहा जळते तुकडे, शेपटीसकट. आवाज नाही. बायको ओरडली, विमान पडून राहिलं! मोबाईल काढेपर्यंत खेळ खतम.

रात्री फोनवर फोन. सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची भलीमोठी रिंग आकाशातून पडली. बैलगाडीच्या चाकापेक्षा मोठी, आठ-दहा फुटांची. जवळपासच्या गावांत फुटबॉलसारखे गोळेही सापडले. नंतर कळलं की तो चीनच्या चांग झेंग रॉकेटचा वरचा टप्पा होता, वर्षभर आधी सोडलेला, तो फिरत फिरत खाली आला. इस्रोची माणसं येऊन बघून गेली.

म्हणजे चीनची वस्तू आभाळातून आली ती आमच्याकडे, आणि शोधत होते लडाखला!

---

मृग | ८ ऑगस्ट

झाडीपट्टी, हसून हसून पुरेवाट. फरकही किती साफ कळतो बघा. तुमची वस्तू मिनिटभरात आभाळ कापून गेली, तुटली, आणि हातात लागेल असं काहीतरी खाली टाकून गेली. थाकुंगची वस्तू तासन्‌तास संथ, रोज, आणि खाली कधीच काही नाही.

---

सॅनहोजेकर | ९ ऑगस्ट

इकडचा एक किस्सा. फेब्रुवारी १९४२, पर्ल हार्बरला तीन महिनेही झालेले नाहीत. २४ च्या रात्री लॉस एंजेलिसवर काहीतरी दिसलं, भोंगे वाजले, शहर काळोखात, आणि तोफांनी आभाळावर १,४०० च्या वर गोळे डागले. पडलेलं विमान एकही नाही, टाकलेला बाँब एकही नाही. माणसं मात्र मेली, काही अंधारातल्या मोटार अपघातांत, काही हृदय बंद पडून. फुटलेल्या गोळ्यांचे तुकडे घरांवर आणि गाड्यांवर पडले. पुढं हवाई दलाच्याच इतिहासकारांनी लिहिलं की एक भरकटलेला हवामानाचा फुगा आणि ताणलेल्या नसा, यातून हे झालं.

हे वाचलं की थाकुंगच्या लोकांबद्दल आदर वाटतो. समोर चीन, डोक्यावर दिवा, ३२९ वेळा, आणि गोळी एकही नाही.

---

निवृत्त_हवालदार | ९ ऑगस्ट

हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही नेमकं मांडलंत.

एक तांत्रिक शंका. कोन मोजायला आमच्याकडे प्रिझमॅटिक कंपास असायचा. त्यातून दिशा बरोबर मिळते, पण वरचा कोन डोंगराच्या धारेवरून अंदाजे. साध्या माणसाने घरून करायचं तर काय करावं? आमच्या गावातही ड्रोन-ड्रोन चालू आहे. रात्री मला बोलावतात, 'फौजी, बघा जरा.'

---

दुर्बीणवाला | १० ऑगस्ट

हवालदारसाहेब, हात लांब करून मूठ धरली की सुमारे दहा अंश. क्षितिजापासून मुठीवर मूठ चढवत मोजायचं. त्याहून सोपं, जागा पक्की करा. अंगणात एका दगडावर उभं राहायचं आणि तो दिवा खांबाच्या, टाकीच्या, झाडाच्या कुठल्या टोकाला टेकतो ती वेळ लिहायची. दुसऱ्या दिवशी त्याच दगडावर. ग्रह असेल तर रोज तीन-चार मिनिटं आधी तिथं येईल, न चुकता. ड्रोनवाल्याला एवढी शिस्त परवडणार नाही, बॅटरी अर्ध्या तासात उतरते.

मामाला हेच सांगितलंय. तो आधी चिडला, 'तू मला येड्यात काढतूस' म्हणाला. मग पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर खडूने लिहायला लागला. रोज फोटो पाठवतो. '२७ तारीख, लिंबाचा शेंडा, २.५५.' त्याच्या खाली '२८, ढग.' मग '२९, ढग.' मग '३०, शेंडा, २.४५.' पावसाळ्यामुळं निम्म्या ओळी ढगाच्याच. पण उरलेल्या ओळी मी गणिताशी लावून बघितल्या, दोन मिनिटांच्या आत जुळतात.

---

जोशीकाकू | १० ऑगस्ट

मामांना घड्याळ रेडिओला लावून घ्यायला सांगा, आकडे अजून सुधारतील.

---

परग्रही | ११ ऑगस्ट

मामांच्या भिंतीला माझा सलाम. मत बदललेलं नाही, पण मीही आमच्या गच्चीच्या कठड्यावर खडू ठेवलाय. आमच्याकडे समोर टॉवर आहे, लिंब नाही.

---

दुर्बीणवाला | १५ ऑगस्ट

काल रात्री पावणेदोनला मामाचा फोन. या वेळी आवाज दबका नव्हता.

"आरं ऐक. त्या दिवशी तू दोन लाल म्हनला होतास, वरचे. त्यातलं एक हाय तिथंच हाय. पन दुसरं जागचं हललंय. रोज थोडं थोडं खाली सरकत आलं अन् आज गुरूला चिकटलंय. मी लिवून ठिवलंय समदं. तुझी रोहिणी कोंची, हललेली का न हललेली?"

गच्चीवर गेलो. पुण्यात ढग. मामाला म्हटलं, तूच सांग.

"हललेला मंगळ," मामा म्हणाला. "मी मामीला उठवून दावला."